काचेवरचं गोंदण

४ जानेवारी १९३७, सोमवार. बारामती

ही वही खरं तर उजेडाची. कुठल्या दिवशी ऊन कसं होतं, फोटो काढताना काच किती मोजेपर्यंत उघडी ठेवली, एवढंच हिच्यात लिहायचं ठरलं होतं. पण आज उजेडाचं लिहायला बसलो आणि मन भलतीकडंच धावतंय. तेव्हा जे आहे ते लिहितो.

सकाळी आबासाहेब आले. पेठेत त्यांचं ग्रामोफोनचं दुकान आहे आणि मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीची एजन्सी. दिवाळीआधी त्यांनीच सांगवीच्या ठमाबाईला मुंबईला नेऊन तिची एक तबकडी भरून आणली. बाई रानात खुरपताना गायची, तीच दोन गाणी. आता बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्या हॉटेलात भोंगा आहे तिथं तीच वाजते. गळा सगळ्यांच्या ओळखीचा, तोंड कुणी पाहिलेलं नाही.

कंपनीचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. रेकॉर्डांच्या यादीत आणि हँडबिलावर छापायला बाईचा फोटो पाहिजे. वाद्य जवळ असावं, चेहरा स्वच्छ असावा, फोटो ‘चित्ताकर्षक’ असावा. चौदा फेब्रुवारीला इंदापूरला बाजाराच्या दिवशी तिकीट लावून जलसा करायचा. तंबू भरला आणि लोक खूश झाले तर आणखी सहा गाणी भरून घेणार. नाही तर बाईला रामराम.

“पुण्याला न्यायचं म्हणत होतो हिला,” आबासाहेब म्हणाले. “पण म्हटलं, चाँदभाई आपले आहेत. फोटो असा पाहिजे, हँडबिल हातात घेतलेल्या माणसाला ते खाली टाकवू नये.”

आजवर मी काढलेले फोटो भिंतीवर टांगले गेले. लोकांच्या हातात कधी गेले नाहीत. हो म्हणालो आणि बुधवारी बाईला घेऊन यायला सांगितलं.

६ जानेवारी, बुधवार

ठमाबाई आली. बरोबर भाऊ रामहरी, तुणतुणं वाजवणारा. बाई पस्तिशीची असेल. सावळी, उंच, हात कामाचे. गालावर देवीचे व्रण, हनुवटीवर गोंदलेली तुळस आणि तिच्याखाली तीन ठिपके. मी मनात म्हटलं, चेहरा स्वच्छ पाहिजे म्हणे!

खुर्चीत बसवलं. मागं बागेचा पडदा, शेजारी गोल टेबल, टेबलावर कागदी फुलं. मानेमागं लोखंडी आकडा लावला, म्हणजे डोकं हलत नाही. बाईनं विचारलं, “डोळं मिटू का उघडं ठिवू?”

“उघडे. मिटून कशाला?”

“सासऱ्याचा फोटू काढला तवा त्यांचं मिटलं हुतं.”

मग कळलं. त्यांच्या भावकीत आजवर एकच फोटो निघाला होता, तोही मेल्यावर, खुर्चीला बांधून. बहुतेक मीच काढला असणार, सांगवीला दोनदा गेलो होतो. हसू आलं, पण दाबलं.

काच धुतली. बाई सासऱ्यासारखीच आली आहे.

९ जानेवारी, शनिवार

बुधवारचा फोटो पाहून आबासाहेब म्हणाले, “ही गाणारी आहे की गेलेली?” माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, पुण्याला न्या मग. पण ते गेल्यावर स्वतःच पाहिलं, तर माणूस खरं बोलला होता.

आज पुन्हा बैठक. कुणाची तरी पेटी मागून आणली आणि बाईपुढं ठेवली. तिला पेटी येत नाही. हात कुठं ठेवायचे कळेना, एखाद्याच्या ताटात बोटं घालावीत तशी ती पट्ट्यांवर बोटं घालत होती. माझ्या बायकोनं, मेहबूबबीनं, आतून चहा पाठवला, मग स्वतःच येऊन बसली. दोघी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिल्या. पाट कुणाकडं आधी येतो, कुणाची भांडणं होतात. बोलता बोलता बाईचे खांदे खाली आले. मी भिंगाची टोपी काढली आणि तीन मोजले.

ही काच चांगली आहे. डोळे जिवंत आलेत.

जाताना बाई दारात थांबली. म्हणाली, “भाई, ह्यो फोटू जमला पायजे बघा. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायाचं न्हाय मला आता. लई झालं.” हे तिनं रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी साधं सांगितलं.

११ जानेवारी, सोमवार

दोन दिवस काचेवर बसून आहे. पेन्सिल धरावी म्हणून काचेला औषध चोळलं, बारीक टोकाची पेन्सिल घेतली आणि एकेक व्रण भरत गेलो. काचेवर सगळं उलटं असतं. अंगावर जे काळं ते काचेवर पारदर्शक, म्हणून पेन्सिलीनं भरलं की छापताना नाहीसं होतं. गालाचे एकसष्ट व्रण मोजले. ते गेले. मग गोंदणाचे तीन ठिपके. तुळस सगळ्यात अवघड, तिला आजची अख्खी दुपार लागली.

डोळे चुरचुरताहेत, पण काम असं झालं आहे की पुण्याच्या कुणी करून दाखवावं. रंग उजळला, गाल संगमरवरासारखा. पेटीवरची बोटंसुद्धा थोडी निमुळती केली.

मेहबूबबीला छाप दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला. म्हणाली, “तुमाला तिचं त्वांड आवडलं न्हाय का?”

“आवडण्याचा प्रश्न कुठं आला? जाहिरातीचा फोटो आहे.”

“जाहिरातीचा व्हय,” म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. बायकांना या कामातलं काय कळणार! तिलासुद्धा लहानपणी देवी आल्या होत्या. आमच्या निकाहनंतर मी आमच्या दोघांचा फोटो काढला तेव्हा तिचेही सगळे व्रण असेच काढले होते, माझं पहिलं मोठं रिटचिंग. सांगायची गोष्ट, फोटोग्राफरच्या घरात भिंतीवर एक फोटो नाही. तो आमचा फोटो तिनं ट्रंकेत तळाशी ठेवलाय, दुपट्ट्यात गुंडाळून. जपते बिचारी.

२० जानेवारी, बुधवार

कंपनीचा होकार! आबासाहेब पत्र घेऊन दुकानातून धावत आले, धोतराचा सोगा हातात धरून. साहेब लोकांनी लिहिलंय, फोटो पसंत, यादीच्या पहिल्या पानावर घालतो. ठमाबाईला निरोप पाठवला.

आज जेवण गोड लागलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

हँडबिलं आली. निवडणुकीमुळं छापखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी आबासाहेबांनी ठाण मांडून छापून घेतली. गुलाबी कागद. मधोमध माझा फोटो, खाली ‘तबकडीवरील आवाज आता समक्ष पाहा’. माझं नाव कोपऱ्यात, भिंगातून दिसेल एवढं. असो.

८ फेब्रुवारी, सोमवार

निमगाव केतकीला जाऊन आलो. तिथं पानमळ्यात ठमाबाईची आई धोंडाबाई कामाला असते. रामहरी म्हणाला, आईला हँडबिल दाखवू, म्हातारीला बरं वाटंल. सर्व्हिस मोटारीत धूळ खात गेलो.

म्हातारी पानं खुडत होती. हात पुसून तिनं कागद घेतला, उन्हाकडं धरला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, “बाई लई गोरीमोरी हाय. कुणाची लेक म्हनं ही?”

रामहरी म्हणाला, “आगं, आपली ठमी!”

“चल,” म्हातारी म्हणाली आणि कागद मला परत दिला. “माझी ठमी मला ठावं न्हाय व्हय?”

मी तर मनात फुगलो. जिनं जन्म दिला तिला लेक ओळखू येऊ नये, एवढी सफाई! कारागिराला याहून मोठी शाबासकी कुठली? येताना मोटारीत सगळ्यांना हा किस्सा सांगितला. रामहरी मात्र बारामती येईपर्यंत बोलला नाही. त्याला बहुधा मोटार लागली असावी.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट बातमी. इंदापूरचा अमीर आला होता. बाजारतळावर त्याचं चहाचं हॉटेल आहे आणि ठमाबाईची तबकडी तो दिवसातून दहा वेळा लावतो. म्हणाला, गेल्या महिन्यात तिथं कुणीतरी भामट्यानं असाच तंबू ठोकला. जाहिरातीत एका गाजलेल्या बाईचं चित्र, आणि पडदा वर गेला तेव्हा भलतीच कोणी. तिकिटाचे पैसे घेऊन मंडळी पसार. “लोक टपून बसल्यात,” अमीर म्हणाला. “ह्या खेपेला हँडबिल घिऊन येनार समदी. ताडून बघनार.”

मी म्हटलं, बघू देत की. आमची बाई खरीच आहे.

अमीरनं हँडबिलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

तेव्हा मला पहिल्यांदा धोंडाबाईचं तोंड आठवलं. ‘कुणाची लेक म्हनं ही?’ पण आता काय होणार? हजार कागद वाटून झालेत.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आबासाहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “चाँदभाई, ऐन वेळी घाबरवू नका. लांबून कुणाला काय दिसतंय?” उद्या कॅमेरा घेऊन चला म्हणाले, भरलेल्या तंबूचा फोटो कंपनीला पाठवायचा आहे.

भरेल. तीच तर भीती आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार. इंदापूर

काल लिहिणं झालं नाही, म्हणून आज लिहितो. अमीरच्या हॉटेलात बसून.

चार वाजता तंबू असा भरला की कनातीच्या दोऱ्या ताणल्या. बाजूच्या कनाती वर केल्या, उजेड आत आला. मी मंचाच्या उजव्या अंगाला तिवई मांडून उभा होतो. पाहीन तिकडं गुलाबी कागद. वारा घ्यायला नव्हे, ताडून बघायला.

ठमाबाई रामहरीबरोबर बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. टाळ्या वाजल्या, मग थांबल्या. पहिल्या रांगेत इंदापूरचेच एक पाटील होते, सर्जेराव. त्यांनी कागद वर धरला, बाईकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही ती न्हाय.”

बस्स. तेवढंच पुरलं. “फोटूतली बाई काढा!” “पुन्यांदा फसवत्यात!” “हनुवटीवर गोंदान हाय हिच्या, हितं कुठं हाय गोंदान?” मागून एक दगड आला आणि तुणतुण्याजवळ पडला. पेटी मागवून मंचावर ठेवली होती, तीही कुणीतरी ओढून घेतली.

आबासाहेबांनी बाईला मागं कनातीआड घेतलं. मलाही ओढलं. म्हणाले, “तुमच्या सामानाच्या पेटीत पावडर आहे ना? लावा. हिला फोटोसारखी करा.”

आणि मी लावली. लपवत नाही. फोटोला बसणाऱ्यांच्या कपाळाची चमक मारायला जी पावडर ठेवतो, ती मी कापसानं तिच्या गालावर थापली, हनुवटीवर थापली. तुळस झाकेना. मी आणखी थापली. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. हलली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. मग म्हणाली, “भाई, आता मानंमागं आकडा बी लावा.”

मी कापूस खाली टाकला. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तिनं पदराचं टोक ओलं केलं, खसाखसा तोंड पुसलं आणि बाहेर गेली. अर्धी पावडर तशीच राहिली होती. दंगा चालूच होता. ती मंचाच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली आणि रानातून हाक मारतात तशी ओरडली, “फोटू ह्या चाँदभाईंनी काढला! गोंदान त्यांनी पुसलं, मी न्हाय! माझं हितंच हाय! या, बगा!”

कुणी पुढं आलं नाही. पण गलका थोडा खाली आला. सर्जेराव म्हणाले, “गोंदान कुनाच्या बी हनुवटीवर आसतंय. गळा त्योच हाय कशावरून?”

“तबकडी लावा,” अमीर मागून म्हणाला.

हॉटेलातून भोंगा आणला. अमीरनं मंचावर ठेवून किल्ली दिली आणि सांगितलं, तबकडी वाजेल, बाईनं बरोबर गायचं, मी मधेच सुई उचलीन. आवाज तोच आहे की नाही कुणालाही कळेल. सर्जेरावांनी मान हलवली. ठमाबाई भोंग्याशेजारी जाऊन उभी राहिली. रामहरीनं तुणतुण्याची तार हातानं दाबून धरली.

तबकडी सुरू झाली. ‘पाटाला पानी आलं, उगवतीच्या रानी.’ भोंग्याची स्प्रिंग ताजी भरलेली, तबकडी जरा जलद फिरत होती, सूर चढा लागला. पहिल्या ओळीला बाई मागं पडली. कुणीतरी हसलं. दुसऱ्या ओळीला तिनं डोळे मिटले, एक हात कानामागं नेला आणि त्या चढ्या सुराला जाऊन भिडली. मग दोन आवाज ऐकू येईनात. एकच येत होता.

अमीरनं सुई उचलली.

आवाज थांबला नाही. पुढची ओळ आली, तिच्या पुढची आली. तबकडीवर तीनच कडवी आहेत, तीन मिनिटांत जेवढी बसली तेवढी. बाई चौथ्यात शिरली, पाचव्यात शिरली. ही कुणी ऐकलेलीच नव्हती. पाणी रात्रीचं येतं, भाऊ कंदील घेऊन बांधावर बसतो, बहीण त्याची भाकरी घेऊन निघते, तिला अंधारात बांध सापडत नाही. गाण्याचा तेवढा भाग मुंबईत कापून टाकला होता. तंबूत माणूस हलत नव्हता. सर्जेरावांच्या हातातला कागद मांडीवर पडला होता.

आणि मी भिंगाची टोपी काढून एक मोजला. का काढली, माहीत नाही. भरलेल्या तंबूचा फोटो घ्यायचा होता, कॅमेरा तिकडं फिरवायचा विसरलो.

जलसा दिवे लागेपर्यंत चालला. संपल्यावर ठमाबाई माझ्याकडं न बघता रामहरीबरोबर निघून गेली.

१७ फेब्रुवारी, बुधवार. बारामती

इंदापूरची काच धुतली. सगळी बिघडलेली. बाईचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, कानामागचा हात हलल्यामुळं पुसट. गालावर पावडरचे फराटे. भोंगा अर्धा कापला गेला. हनुवटीवरची तुळस मात्र पान न् पान स्पष्ट आहे.

सवयीनं पेन्सिल हातात घेतली होती. ठेवून दिली.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

आबासाहेब म्हणतात, सहा गाणी भरायची ठरली. पण नवीन फोटो पाहिजे, जुना आता चालणार नाही. ठमाबाईनं कळवलंय, गाणी देते, फोटोला बसणार नाही. चाँदभाईपुढं तर नाहीच नाही.

मी आबासाहेबांपुढं इंदापूरचा छाप ठेवला. ते म्हणाले, “अहो, तोंड उघडं आहे! डोळे मिटलेत! कंपनी हसेल.”

“गाताना तोंड उघडंच असतं, आबासाहेब.”

“आणि हे व्रण?”

“तिचे आहेत.”

ते छापाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, “हिची परवानगी आणा. मग बघू.”

२१ फेब्रुवारी, रविवार

ठमाबाई आईकडं निमगावला आहे असं कळलं, म्हणून तिकडं गेलो. पानमळ्यात मला पाहून ती उठून बांधावर गेली आणि पाठ करून बसली. मोटारीत चार वाक्यं जुळवली होती, तेवढीही आठवेनात. म्हटलं, “ठमाबाई, चुकलो.” ती वळली नाही.

छाप धोंडाबाईच्या हातात दिला. म्हातारीनं तो लांब धरला नाही, जवळ धरला नाही. हातात आला तशीच ओरडली, “ठमे! आगं त्वांड मीट, माशी जाईल!”

मग तिनं लुगड्याला बोट पुसलं आणि फोटोतल्या गालावरचा पावडरचा फराटा पुसायला लागली. “काय लावलंय गं तोंडाला? पीठ?”

बांधावरून ठमाबाईची पाठ हलताना दिसली. मला वाटलं रडते. वळली तेव्हा हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. खाली येऊन तिनं आईच्या खांद्यावरून फोटो पाहिला. कितीतरी वेळ पाहिला.

“ह्यो लावा,” म्हणाली. “पर भाई, हात लावायचा न्हाय ह्याला.”

“नाही लावणार.”

येताना मोटारीत कुणाला काही सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

छाप कंपनीला गेला. त्यांचं काय उत्तर येईल कुणास ठाऊक. आबासाहेबांनी स्वतःच्या दुकानात तो आधीच लावलाय. बाजाराला आलेली माणसं उभी राहून बघतात, आणि बघता बघता त्यांची तोंडं जराशी उघडतात.

आज दुपारी माळ्यावरून जुन्या काचा काढल्या. आमच्या निकाहनंतरची काच शोधायला तासभर गेला. कापूस टर्पेंटाईनमध्ये भिजवला. अकरा वर्षांची पेन्सिल, निघेल की नाही वाटत होतं. हळूहळू काळं कापसावर आलं. किती भरलं होतं मी! एक गाल झाला, दुसरा झाला, मग कपाळ. एवढी वर्षं ट्रंकेतला तो फोटो ती जपत होती असं मी समजत होतो. मूर्ख माणूस.

ऊन होतं तोवर छाप काढला आणि सुकल्यावर मेहबूबबीपुढं धरला. सोळा वर्षांची पोर, गालभर व्रण, आणि शेजारी मी, फेटा वाकडा.

तिनं हात पुसले, फोटो घेतला. आपल्या गालाला बोट लावलं, मग फोटोतल्या गालाला. माझी मान वर होईना.

मग म्हणाली, “अवो, खिळा कुठं ठिवलाय?”